व्हील बोल्ट की स्टड? साताऱ्याच्या घाटात पळणाऱ्या गाड्यांसाठी काय घ्यावं, काय टाळावं

पोलो जीटी, व्हर्टस जीटी, स्लाव्हिया, ऑक्टाव्हिया व्हीआरएस, मिनी, बीएमडब्ल्यू एम३४०आय. या गाड्यांना नवीन अलॉय किंवा स्पेसर (चाक थोडं बाहेर सरकवणारी चकती) बसवताना सगळी चर्चा चाकाच्या डिझाइनवर आणि टायरवर होते. चाक हबला (ज्यावर चाक बसतं त्या फिरणाऱ्या तबकडीला) धरून ठेवणारे पाच बोल्ट शेवटी दुकानातल्या डब्यात जे असतील ते लागतात. त्या पाच बोल्टांसाठी बाजारात काय काय मिळतं आणि त्यातलं काय घेण्यासारखं आहे, ते इथे पाहू.

निकाल आधीच सांगतो. रोज रस्त्यावर आणि सुट्टीला घाटात चालणाऱ्या गाडीला कंपनीचे किंवा त्याच दर्जाचे नवीन १०.९ बोल्ट (१०.९ ही ताकदीची खूण, खुलासा पुढे), अलॉयच्या बैठकीला (बोल्टाचं डोकं चाकात टेकतं त्या खळग्याला) जुळणारे, आणि सोबत टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराला 'टक्' करणारा). स्टड किट (हबमध्ये कायम बसवलेले आट्यांचे दांडे आणि बाहेरून नट) चांगलं असतं, पण ते वारंवार चाकं काढणाऱ्यांसाठी आहे. दर्जाचा शिक्का नसलेले रंगीत बोल्ट कुठल्याही गाडीला लावू नयेत.

बोल्ट नेमकं काय काम करतो हे आधी समजून घेतलं पाहिजे, कारण बरीच चुकीची खरेदी तिथूनच सुरू होते. गाडीचं वजन बोल्टाच्या दांड्यावर टांगलेलं नसतं. बोल्ट ताणला जातो, तो चाकाला हबवर दाबतो आणि त्या दाबातून येणारं घर्षण ब्रेकचा आणि वळणाचा जोर पेलतं. एम१४ × १.५ चा (१४ मि.मी. जाड, दोन आट्यांत १.५ मि.मी. अंतर, म्हणजे पिच) कोरडा बोल्ट १२० न्यूटन-मीटरला आवळला, तर त्यात साधारण ४३ किलोन्यूटन, म्हणजे सव्वाचार टनांहून थोडा जास्त ताण येतो. पाच बोल्टांचा मिळून दाब जवळजवळ २२ टन. घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला तर सव्वातीन टनांचा जोर पेलता येतो. आता दुसरी बाजू पाहा. पसरणी घाटाच्या उतारावर जोरात ब्रेक दाबला, पुढच्या एका चाकावर ५०० किलोचा भार आला आणि टायरने रस्ता पूर्ण पकडला, तर ५०० किलोचा जोर टायरच्या कडेला लागतो. २०५/५५ आर१६ टायरची त्रिज्या ३१६ मि.मी. आणि ५ × १०० च्या (पाच बोल्ट, १०० मि.मी. व्यासाच्या वर्तुळावर) हबवर बोल्ट मध्यापासून ५० मि.मी.वर. म्हणजे तोच जोर बोल्टांच्या वर्तुळाशी सहा पटींहून जास्त होतो, तीन टनांच्या वर जातो. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून एक गोष्ट कळते. दाब पुरेसा असतो, उधळण्याइतका शिल्लक नसतो. एक बोल्ट सैल झाला किंवा सगळेच थोडे थोडे उतरले, की चाक हबवर सूक्ष्म सरकायला लागतं आणि दर फेऱ्याला बोल्ट वाकतो. याच टायरचे किलोमीटरला ५०४ फेरे होतात. सातारा ते महाबळेश्वर ५५ किलोमीटर धरले तर एका फेरीत २८ हजारांच्या आसपास. बोल्ट तुटतो तो ओढून नाही, असा वाकून वाकून थकून तुटतो.

म्हणून बोल्ट निवडताना पाहायच्या गोष्टी चारच : आटे, बैठक, लांबी आणि दर्जा. रंग, डोक्याचा आकार, वजन हे सगळं त्यानंतर.

आट्यांची गफलत सर्वांत सोपी आणि सर्वांत महाग. फोक्सवॅगन, स्कोडा, आउडी यांना एम१४ × १.५. सध्याच्या बीएमडब्ल्यू आणि मिनीला एम१४ × १.२५, तर ई४६, ई९० सारख्या जुन्या बीएमडब्ल्यूला एम१२ × १.५. पोर्शेला एम१४ × १.५. दांडा १४ चाच असल्यामुळे १.५ पिचचा बोल्ट १.२५ च्या हबमध्ये दोन-तीन आटे जातो आणि अडकतो. अशा वेळी कुणी हवेवरची गन लावली, तर बोल्ट आत जातो आणि हबचे आटे संपतात. नटवाल्या गाड्यांतही हेच आहे. मारुती आणि निस्सानला एम१२ × १.२५, तर ह्युंदाई, होंडा, टोयोटाला एम१२ × १.५. दुकानात दोन्ही नट एकाच डब्यात पडलेले असतात. पिच गेज अगदी स्वस्त मिळतं, ते जवळ ठेवा. सोपी कसोटी अशी : योग्य बोल्ट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. बोटांनी जात नसेल तर पाना लावायचा नाही, थांबायचं.

बैठकीबद्दल दुकानात सहसा कुणी विचारत नाही, आणि गोंधळ सर्वांत जास्त इथेच होतो. फोक्सवॅगन गटाच्या मूळ चाकांना गोलाकार बैठक असते, १३ मि.मी. त्रिज्येची, म्हणून तिला आर१३ म्हणतात. पोर्शेची आर१४. होंडाच्या मूळ अलॉयला आर१२ चे गोल बैठकीचे नट. बीएमडब्ल्यू, ह्युंदाई आणि बाजारातली बहुतेक अलॉय ६० अंशांच्या शंकूची. आता पोलोला बाजारातली शंकूची अलॉय घेतली आणि मूळचे गोल बोल्टच लावले, तर बोल्ट शंकूच्या खळग्यात एका बारीक रेघेवर टेकतो. टॉर्क पाना 'टक्' करतो, सगळं ठीक वाटतं. पुढच्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये ती रेघ अॅल्युमिनियममध्ये रुतते आणि दाब उतरतो.

किती रुतलं तर किती उतरतं, हा आकडा धक्कादायक आहे. ४३ किलोन्यूटनला एम१४ बोल्टाच्या १२५ चौरस मि.मी. छेदात ३४३ मेगापास्कलचा ताण येतो. ताणली जाणारी लांबी २५ मि.मी. धरली, तर बोल्ट फक्त ०.०४ मि.मी. लांबतो. चाळीस मायक्रॉन. सगळा दाब एवढ्याशा लांबण्यावर उभा आहे. बैठक वीस मायक्रॉन रुतली, तर अर्धा दाब गेला.

त्यामुळेच पावडर कोटिंगचा प्रश्न गंभीर आहे. जुनी अलॉय काळी किंवा ब्राँझ करून घ्यायची पद्धत आपल्याकडे आता सर्रास आहे. कोटिंगचा थर साधारण ६० ते १२० मायक्रॉनचा असतो. तो बोल्टाच्या बैठकीत आणि चाकाच्या मागच्या तोंडावर चढला, तर दाबाखाली हळूहळू दबतो आणि बोल्टाचं सगळं लांबणं खाऊन टाकतो. कोटिंगला देतानाच सांगा : बैठकीत सिलिकॉनचे बूच लावा, मागच्या तोंडावर मास्किंग करा. चढलेला थर नंतर काढायचा झाला तर रसायनाने उतरवा. ग्राइंडर बैठकीत अजिबात घालू नये, शंकूचा कोन बिघडतो.

बैठक जुळते का हे पाहायला प्रशियन ब्लू (खूण उमटवणारी निळी पेस्ट) वापरा. बोल्टाच्या बैठकीवर पातळ थर लावा, बोल्ट हातपान्याने हलका आवळा, सोडवून चाकाचा खळगा पाहा. रुंद, सलग निळा पट्टा दिसला तर जुळलं. बारीक रेघ किंवा तुटक ठिपके दिसले तर बोल्ट बदला. पाहून झाल्यावर निळं पूर्ण पुसायचं, कारण ते तेलकट असतं.

लांबी मोजताना डोकं आणि बैठक सोडून, बैठकीच्या खालच्या कडेपासून टोकापर्यंत मोजतात. पोलोच्या जातीच्या बोल्टाची ही लांबी साधारण २७ मि.मी. हबमध्ये आट्यांची पकड निदान बोल्टाच्या व्यासाएवढी हवी. एम१४ ला १४ मि.मी., म्हणजे १.५ पिचचे नऊ फेरे पुरे होऊन वर थोडे. १.२५ पिचला अकरा. एम१२ × १.५ ला आठ. चाक हबला टेकवून धरा, बोल्ट बोटांनी फिरवा आणि टेकेपर्यंतचे पूर्ण फेरे मोजा. याहून भरवशाची तपासणी कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही.

हिशेबाचं उदाहरण देतो, आकडे समजण्यापुरते. ब्रेक डिस्कची जाडी ६, मूळ चाकात बैठकीखाली उरणारी जाडी ७, बेरीज १३. सत्तावीसमधून तेरा गेले की हबमध्ये १४. नवीन अलॉयची बैठकीखालची जाडी १० निघाली तर पकड ११ वर येते, सात फेरे. हे कमी आहे, तिथे ३० मि.मी.चा बोल्ट हवा. स्पेसर लावला तर हिशेब सरळ : जेवढा स्पेसर तेवढा बोल्ट लांब. १५ चा स्पेसर असेल तर मूळ गरजेत १५ मिळवा.

जास्त लांब बोल्टही तेवढाच वाईट. हबच्या मागून बाहेर आलेलं टोक कुठे एबीएसच्या रिंगला, कुठे मागच्या ड्रममधल्या शूला किंवा हँडब्रेकच्या भागांना घासतं. नवीन बोल्ट आवळल्यावर गाडी जॅकवर असतानाच चाक हाताने तीन-चार फेरे फिरवा. टिक-टिक आवाज आला किंवा एका जागी अडखळलं, तर बोल्ट लांब आहे. पुढची चाकं ठीक असली म्हणून मागची ठीक असतील असं नाही, चारही फिरवून पाहा.

आता प्रत्यक्ष पर्याय.

कंपनीचे बोल्ट. चॅसिस नंबर देऊन काउंटरवरून मागवावे लागतात, कधी पुण्याहून यायला दोन-चार दिवस लागतात, पण या सगळ्या यादीत पैशाचा पूर्ण मोबदला देणारी वस्तू हीच. डोक्यावर १०.९ आणि बनवणाऱ्याची खूण असते. दहा म्हणजे नाममात्र १००० मेगापास्कलची ताणशक्ती, पॉइंट नऊ म्हणजे तिच्या ९० टक्क्यांपर्यंत बोल्ट कायमचा न लांबता परत येतो. बाजारात फेबीसारख्या जर्मन कंपनीचे याच मापाचे बोल्टही मिळतात आणि ते बिनधास्त लावावेत. मर्यादा एकच : मूळ बैठक आणि मूळ लांबी. मूळ चाकं असतील तर पुढचं काही वाचायची गरज नाही, हेच घ्या. वापरलेली गाडी घेतली असेल तर जुने बोल्ट कितीही चांगले दिसले तरी एकदा वीसही नवीन टाका. आधीच्या मालकाच्या टायरवाल्याने गनने किती ताणले होते, ते बोल्टाकडे पाहून कळत नाही. सांगलीकडच्या गाडीला हे जास्तच लागू. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या हबमध्ये, आट्यांच्या तळाशी, गाळ बसलेला असतो. एम१४ × १.५ चा टॅप हाताने फिरवून तो काढा. टॅप फक्त साफ करण्यापुरता वापरायचा, नवीन आटे पाडायला नाही. आटे खरंच उडाले असतील तर हब बदला. चाकाच्या हबमध्ये हेलिकॉइल (उडालेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) घालून वेळ मारून नेणं आम्हाला मान्य नाही.

स्पेसरसोबत येणारे लांब बोल्ट. एच अँड आर आणि आयबाख या दोन्ही जर्मन कंपन्यांचे स्पेसर गाडीनुसार मिळतात आणि सोबत किंवा त्याच यादीतून बैठकीप्रमाणे बोल्ट घेता येतात. खात्रीचं काम. मागवताना तुमचं चाक मूळ आहे की बाजारातलं, हे आधी सांगा, कारण गोल की शंकू हे त्यावर ठरतं, गाडीवर नाही. स्पेसर हबच्या मधल्या कड्यावर बसतो आणि तो जितका जाड तितकं चाकासाठी कडं कमी उरतं, म्हणून जाड स्पेसरला स्वतःचं कडं असलेलाच प्रकार घ्या. स्पेसरच्या दोन्ही तोंडांवर रंग नको, कारण वर सांगितलेलंच आहे.

लेथवर करून घेतलेले बोल्ट. साताऱ्याच्या किंवा कुपवाडच्या एमआयडीसीत हवं ते घडवणारे हात आहेत, आणि 'इएन२४ च्या बारमधून पाच करून देतो' असं कुणीतरी सांगतोच. माणूस कसबी असतो, माप अचूक येतं, तरी हे बोल्ट लावू नयेत. कारखान्यातल्या बोल्टाचे आटे दाबून पाडलेले असतात, त्यामुळे धातूचे तंतू आट्याच्या वळणानुसार वळतात. लेथवर कापलेल्या आट्याच्या तळाशी तेच तंतू तुटतात आणि थकव्याची भेग तिथूनच सुरू होते. शिवाय एवढ्या छोट्या लॉटचं हीट ट्रीटमेंट नेमकं कसं झालं हे कोण सांगणार? त्याच कारागिराकडून जे करून घ्यावं ते म्हणजे हब रिंग. बाजारातल्या बऱ्याच अलॉयचं मधलं भोक ७३.१ मि.मी. असतं, आणि पोलो, व्हर्टस, स्लाव्हियाचं हबचं कडं ५७.१. अॅल्युमिनियमची रिंग, बाहेरून ७३.० आणि आतून ५७.१५ ते ५७.२, कडेला छोटा चॅम्फर. प्लास्टिकच्या रिंगपेक्षा ही ब्रेकच्या उष्णतेत टिकते, आणि बोल्ट आवळताना चाक मध्यावर राहतं.

हार्डवेअरच्या दुकानातला अॅलन बोल्ट हा आणखी एक मोह. १२.९ चा शिक्का असतो, म्हणजे ताकद जास्तच, असं वाटतं. त्याच्या डोक्याखाली सपाट तोंड असतं, शंकूही नाही आणि गोलही नाही. चाकाच्या खळग्यात तो कडेवर टेकतो. अनब्राको उत्तम बोल्ट बनवते, पण तो बोल्ट या कामासाठी बनवलेला नाही.

बिननावाचे रंगीत बोल्ट आणि नट. ऑनलाइन स्वस्त मिळतात, लाल, निळे, इंद्रधनुषी. डोक्यावर दर्जाचा शिक्का नसेल तर विषय तिथेच संपला. शिक्का असूनही शंका असेल तर लॉटमधला एक बोल्ट घेऊन एमआयडीसीतल्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे जा, डोक्याचा माथा सपाट घासून रॉकवेल (कडकपणा) पाहायला सांगा. १०.९ असेल तर ३२ ते ३९ एचआरसी येतं. पंचवीस आलं तर तो ८.८ च्या पातळीचा आहे, परत करा. आणखी एक धोका चकचकीत क्रोम किंवा झिंक चढवलेल्या १२.९ चा. इतक्या कडक पोलादावर विजेने मुलामा चढवताना हायड्रोजन आत शिरतो. नंतर भट्टीत तापवून तो काढला नाही, तर आवळलेला बोल्ट एक-दोन दिवसांनी उभ्या गाडीत, कसलाही भार नसताना, डोक्याखाली तुटू शकतो. १२.९ हवाच असेल तर झिंक फ्लेकच्या करड्या थराचा घ्या. रस्त्यासाठी १०.९ पुरतो.

टायटॅनियम दिसायला सुंदर, वजनाला पोलादाच्या जवळपास निम्मा. ग्रेड ५ ची ताकद १०.९ च्या आसपास पोचते, पण आटे एकमेकांना चिकटून फाटायची त्याची सवय मोठी आहे. दर वेळी अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारी पेस्ट) लावायचं आणि त्यानुसार टॉर्क कमी करायचा, ही शिस्त टायरच्या दुकानात पाळली जाणार नाही. आणि खोटा माल फार आहे. रोजच्या गाडीला नको. अॅल्युमिनियमचे नट तर रस्त्याच्या गाडीला मुळीच नकोत.

'व्हॉबल' बोल्ट, म्हणजे सरकत्या शंकूचे. ५ × ११४.३ चं चाक ५ × ११२ च्या हबवर बसवायला वापरतात, प्रत्येक बोल्टाला १.१५ मि.मी. सरकावं लागतं. चांगल्या कंपनीचे आणि नेमकी हब रिंग असेल तर चालतात, तरीही स्पोर्ट्स कारला योग्य पीसीडीचं (बोल्टांच्या वर्तुळाच्या व्यासाचं) चाक शोधा. साधे बोल्ट लावून हेच करायचा प्रयत्न केला, तर प्रत्येक बोल्ट पहिल्या दिवसापासून वाकलेला राहतो.

आता स्टड किट. हबच्या आट्यांत दोन्ही टोकांना आटे असलेला स्टड कायमचा बसवायचा आणि बाहेरून नट लावायचे. फायदा खरा आहे. जड चाक हातात धरून भोकं जुळवत बसावं लागत नाही, चाक स्टडवर टांगलं की झालं. हबचे आटे दर वेळी झिजत नाहीत, खराब झाला तर स्टड बदलतो, हब नाही. जे लोक गाडी घेऊन चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकला जातात, दिवसात दोन-तीनदा चाकं काढतात, त्यांनी स्टडच लावावेत. वर्षातून दोनदा चाकं निघणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग कमी आणि जबाबदारी जास्त.

घेताना पहिली नजर नटाच्या बाजूच्या मापावर. काही किट हबकडे एम१४ आणि नटाकडे एम१२ × १.५ असतात, म्हणजे सहज मिळणारे नट चालावेत. पण छेद १२५ चौरस मि.मी. वरून ८८ वर येतो, तीस टक्के कमी. जड आणि ताकदवान गाडीला दोन्ही टोकं एम१४ चीच घ्या. दुसरी नजर लांबीवर : हबची जाडी, डिस्क, स्पेसर, चाकाची जाडी आणि नटात निदान १४ मि.मी. पकड. तिसरी नटावर. बंद टोपीचा नट लांब स्टडवर लावला, तर स्टडचं टोक टोपीच्या तळाला टेकतं. पाना 'टक्' करतो आणि चाक सैलच असतं! स्टड लांब असेल तर दोन्ही बाजूंनी उघडा नट वापरा. उघड्या टोकावर गंज येतो, म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर तारेचा ब्रश फिरवा.

बसवायची रीत. हबचे आटे ब्रेक क्लीनरने धुवा, हवा मारून पूर्ण कोरडे करा. ओल किंवा तेल राहिलं तर थ्रेडलॉकर (आटे चिकटवून ठेवणारा द्रव) धरत नाही. हबकडच्या आट्यांवर लाल, जास्त ताकदीचा, उष्णता सहन करणारा थ्रेडलॉकर दोन-तीन थेंब. स्टड अॅलन की-ने आत घाला. खांदा असेल तर खांदा टेकेपर्यंत, नसेल तर टोक हबच्या मागच्या तोंडाला समतल येईपर्यंत, त्याच्या बाहेर नको. १५ ते २० न्यूटन-मीटर पुरे, इथे पूर्ण टॉर्क द्यायचा नसतो. किटसोबत वेगळा आकडा आला असेल तर तोच पाळा. मग गाडी २४ तास जॅकस्टँडवर. जुलैच्या गारव्यात घाई करू नका. ट्रॅकसाठी वापरत असाल तर स्टड हा टायरसारखा झिजणारा भाग समजा, हंगाम संपला की नवीन सेट.

मुळातच स्टड असलेल्या गाड्यांत, मस्टँगपासून आय२० एन लाइनपर्यंत, स्टड मागून दाबून बसवलेले असतात. तिथे लांब स्टड हवे असतील तर एआरपी या कंपनीचे घ्या, ते हीट ट्रीटमेंटनंतर आटे दाबून पाडतात आणि थकव्याविरुद्ध हेच कामाला येतं. जुन्या स्टडच्या नर्लचा (हबमध्ये रुतणाऱ्या खाचेदार भागाचा) व्यास व्हर्नियरने मोजूनच मागवा, एक दशांश मि.मी.चाही फरक चालत नाही. हबला बेअरिंग असताना हातोडीने स्टड ठोकू नका, बेअरिंगच्या धावेवर खड्डे पडतात. एमआयडीसीत प्रेस मिळतो, हब काढून तिथे न्यावा.

आवळण्याबद्दल. आपल्याकडे चांगला बोल्ट वाया जातो तो बहुतेक इथेच. हवेवरची गन पाचशे न्यूटन-मीटर सहज देते आणि तिचा जोर दर बोल्टाला वेगळा असतो. टायरवाल्याला आधी सांगा : गन फक्त सोडवायला, आवळायचं हाताने. सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. साताऱ्यातल्या चांगल्या दुकानांत टॉर्क पाना असतो, पण तो मागावा लागतो. स्वतःचा घ्यायचा तर अर्धा इंची, ४० ते २०० न्यूटन-मीटरचा. पोलोला १२०, एम३४०आय आणि मिनीला १४०, होंडाला १०८, टोयोटाला १०३, ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांना १०७ ते १२७, मस्टँगला २०० च्या थोडा वर. तुमच्या गाडीच्या हँडबुकातला आकडा शेवटचा. जुना पाना किलोग्रॅम-मीटरमध्ये असेल तर १२० म्हणजे १२.२.

हबचं तोंड आणि चाकाची मागची बाजू तारेच्या ब्रशने गंज निघेपर्यंत घासा. पाचही बोल्ट बोटांनी लावा. चाक हवेत असताना चांदणीच्या क्रमाने हलके टेकवा, मग ६० ला एक फेरी, गाडी खाली घेऊन १२० ला दुसरी. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर, चाक गार असताना, पुन्हा एकदा. याच पान्याने बोल्ट सोडवू नका आणि काम झालं की पाना खालच्या आकड्यावर आणून ठेवा.

पावसाळ्यात बोल्ट गंजतात म्हणून आट्यांना ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावायची सवय आपल्याकडे जुनी आहे. हेतू चांगला, परिणाम वाईट. तेलाने घर्षण घटलं की त्याच १२० ला बोल्टातला ताण ४३ वरून ६१ किलोन्यूटनपर्यंत जाऊ शकतो. एम१४ चा १०.९ हे सहन करतो. पण १०८ ला आवळलेल्या एम१२ × १.५ मध्ये तो ६४ वर जातो, आणि बोल्ट खरोखर ८.८ चा असेल तर त्याची मर्यादा ५१ आहे. तो कायमचा लांबतो, पुढच्या खेपेला पकड धरत नाही. आटे आणि बैठक कोरडी ठेवा. चाक हबच्या कड्यात अडकू नये म्हणून लावायचंच असेल तर फक्त मधल्या कड्यावर सिरॅमिक पेस्टचं बोट फिरवा.

लॉक बोल्ट लावले असतील तर मॅकगार्डसारख्या चांगल्या कंपनीचे घ्या आणि त्यांना गन अजिबात लावू देऊ नका, किल्लीचे दाते तुटतात. किल्ली गाडीतच ठेवा, घरच्या कपाटात ठेवलेली किल्ली केळघर घाटात उपयोगाची नाही.

आणि स्टेपनी. डिकीतली स्टेपनी बहुतेक वेळा लोखंडी आणि मूळ बैठकीची. तुमच्या अलॉयचे शंकूचे बोल्ट तिला नीट बसत नाहीत. स्पेसरसाठी घेतलेले १५ मि.मी. लांब बोल्ट स्पेसर काढून स्टेपनीला लावले, तर ते मागून तेवढेच बाहेर येतात आणि आतल्या भागांना आडवे जातात. म्हणून गाडीचे मूळ पाच बोल्ट टाकून देऊ नका. पिशवीत घालून, सोबत १७ चा सॉकेट ठेवून, स्टेपनीच्या खड्ड्यातच ठेवा. स्टड किट लावलं असेल तर त्याच पिशवीत स्टेपनीच्या बैठकीला जुळणारे पाच नट ठेवा, आणि स्टेपनी स्टडवर पूर्ण बसते का, हे एकदा घरासमोरच लावून पाहा.